ऐकण्यापासून सुरुवात करा: रेडिओ, कला आणि कथाकथनाच्या सामूहिक कार्यशाळेविषयी

आपला प्रश्न मला समजला तो असा. एका वाचनालयात आपल्याला तीन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. वीस-पंचवीस माणसे येतील, त्यांत शाळकरी मुले असतील आणि निवृत्त माणसेही असतील. पहिल्या दिवशी सर्वांनी छोटा एफएम ट्रान्समीटर जोडायचा, दुसऱ्या दिवशी एखाद्या ध्वनिकलावंताने प्रयोग करून घ्यायचे आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपली गोष्ट लिहून त्या ट्रान्समीटरवरून ऐकवायची, अशी आपली आखणी आहे. यासाठी किट कोणते घ्यावे, इलेक्ट्रॉनिक्सला बिचकणारी माणसे पहिल्याच दिवशी गळतील का आणि परवान्याचे काय करावे, हे आपण विचारले आहे.

या तिन्हींची उत्तरे मी पुढे देते, पण आपण न विचारलेली एक अडचण आधी सांगणे भाग आहे, कारण अशा कार्यशाळा घेताना खरी अडचण तीच असते. आपल्या आखणीत एका कार्यशाळेच्या नावाखाली तीन वेगळ्या कार्यशाळा आहेत. पहिल्या दिवशी सोल्डरिंगची हौस असलेले रमतील आणि बाकीचे घड्याळाकडे पाहतील; तिसऱ्या दिवशी नेमके उलटे होईल. त्याहून मोठी गोम अशी की, तिसऱ्या दिवशी सांगितली जाणारी गोष्ट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठवली असती तरी तिच्यात काही फरक पडला नसता. मग पहिल्या दिवसाचा खटाटोप कशासाठी केला, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी आखणी तपासताना एकच कसोटी लावते: शेवटी ऐकवली जाणारी गोष्ट, ती ज्या साधनातून ऐकवली जाते आहे त्या साधनामुळे तशी घडली आहे का? आवाज किती दूर पोहोचतो, मध्ये खरखर किती येते, ऐकणाऱ्याला जागा बदलता येते का, या मर्यादांनी गोष्टीचा घाट ठरवला, की तंत्र, कला आणि कथा यांची सांगड घालण्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवावा लागत नाही.

काही बाबी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचा निकाल दुरून लावता येणार नाही. आपल्याकडे कमी शक्तीच्या ट्रान्समीटरविषयी कायदा काय म्हणतो, जवळपास मध्यम लहरींवरचे एखादे केंद्र अजून चालू आहे का, इमारतीला लोखंडी सांगाडा किंवा पत्र्याचे छप्पर आहे का, आणि येणाऱ्यांपैकी किती जणांना नीट ऐकू येते, या चार गोष्टी आपण स्वतः पाहून घ्याव्यात. शेवटची बाब बहुतेक आयोजक विसरतात. निवृत्त माणसे येणार असतील तर ती सर्वांत आधी विचारात घ्या, कारण ध्वनीवरच्या कार्यशाळेत ज्याला नीट ऐकू येत नाही तो हे बोलून दाखवत नाही. तो चहाच्या सुटीनंतर परत येत नाही, एवढेच.

आता सुरुवात कुठून करावी याविषयी. ट्रान्समीटरपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठवण्याची साधने हाती आली की माणसे लगेच बोलू लागतात, आणि काय बोलावे हे ठरलेले नसल्याने ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ यापलीकडे पहिला दिवस जात नाही. ऐकण्याची साधने हाती दिली की माणसे गप्प होतात आणि काही वेळाने एकमेकांना काहीतरी दाखवू लागतात. पुढच्या दोन दिवसांसाठी लागणारे भांडवल त्या दाखवण्यात असते.

माझा पहिला प्रयोग अगदी साधा असतो. टेलिफोनवरचे संभाषण टिपण्यासाठी पूर्वी एक छोटी कॉइल मिळत असे, तिला टेलिफोन पिकअप कॉइल म्हणतात. ती अजूनही मिळते, आणि न मिळाल्यास काही मिलिहेन्रीची तयार इंडक्टर कॉइल दोन तारांनी माइकच्या पिनेला जोडली तरी काम भागते. ती बॅटरीवरच्या छोट्या अॅम्प्लिफायरला जोडावी, कानाला हेडफोन लावावा आणि इमारतीत फिरावे. वीजवाहक तारांजवळ वीजपुरवठ्याचा खर्जातला गुंजारव ऐकू येतो, मोबाइलच्या चार्जरजवळ बारीक सुरांची किणकिण, संगणकाच्या पडद्याजवळ चित्र बदलताच बदलणारा कर्कश आवाज, आणि लिफ्ट सुरू होताना एखादा प्राणी जागा व्हावा तसा हुंकार. कोणत्याही उपकरणाचे झाकण उघडायचे नाही आणि कोणत्याही तारेला हात लावायचा नाही, ही अट आधीच सांगून ठेवावी. कॉइल बाहेरून जवळ नेली की पुरते. काटेकोरपणे पाहिले तर या रेडिओलहरी नव्हेत, उपकरणांच्या अगदी जवळची बदलती चुंबकीय क्षेत्रे आहेत, आणि हेही सहभागींना सांगावे, कारण ‘मग रेडिओलहर म्हणजे काय?’ हा प्रश्न तिथेच, योग्य वेळी आणि योग्य माणसाकडून येतो. जर्मन ध्वनिकलावंत क्रिस्टिना कुबिश यांनी खास बनवलेले हेडफोन श्रोत्यांना देऊन शहरांतून अशाच फेऱ्या घडवून आणल्या आहेत. तेव्हा हा प्रयोग केवळ मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर होईल.

या फेरीत प्रत्येकाने आपल्याला सापडलेला एक आवाज निवडावा, त्याला नाव द्यावे आणि तो कुठे ऐकू येतो हे इमारतीच्या साध्या नकाशावर खुणेने दाखवावे. नाव देताना माणसे नकळत वर्णन करू लागतात. कोणी ‘रागावलेला दिवा’ म्हणतो, कोणी ‘झोपलेला जिना’ म्हणतो. इथे कथाकथन सुरू झालेले असते, फक्त त्याची घोषणा केलेली नसते. लिहायला बसा, असे सांगितल्यावर ज्यांचा हात थिजतो त्यांच्यासाठी हा नकाशा पुढे फार उपयोगी पडतो.

त्यानंतर रिसीव्हर बांधावा. आपल्या परिसरात मध्यम लहरींवरचे बलवान केंद्र ऐकू येत असेल, तर क्रिस्टल रेडिओला पर्याय नाही, कारण त्यात बॅटरी नसते आणि कानात येणारा आवाज दूरच्या ट्रान्समीटरने पाठवलेल्या शक्तीवरच चालतो. हे एकदा कळले की सत्तर वर्षांच्या माणसालाही नवल वाटते. साधारण ७.५ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर ०.५ मिलिमीटर जाडीच्या एनॅमल तारेचे पन्नास ते पंचावन्न वेढे एकमेकांना लागून घेतले, तर सुमारे २३० ते २६० मायक्रोहेन्रीची कॉइल तयार होते, आणि ३६५ पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरबरोबर, म्हणजे केंद्र लावण्यासाठी फिरवायच्या कंडेन्सरबरोबर, ती मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या खालच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण ५२० ते ५५० किलोहर्ट्झपर्यंत, पोहोचते. पुढे जर्मेनियमचा डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेने वाहू देणारा भाग, लागतो; सिलिकॉनचा चालत नाही. सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टशिवाय नीट वाहत नाही आणि अँटेनातून येणारा विद्युतदाब बहुधा त्याहून कमी असतो, तर जर्मेनियमला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतो. इअरफोन जास्त रोधाचा, म्हणजे क्रिस्टल किंवा पिझो प्रकारचा हवा, आणि पिझो असेल तर त्याच्या समांतर ४७ ते १०० किलोओहमचा रोधक जोडावा. हा रोधक बऱ्याच किटमध्ये नसतो, आणि मग सर्व जोडण्या बरोबर असूनही आवाज अडकल्यासारखा का येतो, यात निम्मी दुपार जाते. अँटेना म्हणून पंधरा-वीस मीटर तार आणि चांगली भूजोडणी लागते. तार विजेच्या तारांपासून दूर असावी आणि आकाशात ढग गडगडू लागले तर ती काढून ठेवावी, याबाबत सवलत देऊ नये.

सोल्डरिंग करावे की नाही, यावर आयोजकांमध्ये बराच वाद होतो. माझे म्हणणे असे की, पहिल्या रिसीव्हरसाठी सोल्डरिंग नको. स्क्रूचे टर्मिनल किंवा मगरचिमटे वापरावेत, म्हणजे जोडणी चुकली तर ती क्षणात बदलता येते आणि चूक शोधणे हाच धडा होतो. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या सैनिकांनी दाढीच्या पात्यावर पेन्सिलीचे शिसे टेकवून डायोडचे काम भागवले होते; ते करून दाखवले की नाजूक किटविषयी वाटणारा धाक बराच कमी होतो. ज्यांना सोल्डरिंग शिकायचेच आहे त्यांच्यासाठी खिडकीजवळ वेगळे टेबल असावे, त्यावर एका वेळी तीन-चार जणच असावेत, डोळ्यांवर चष्मा असावा आणि शेजारी फक्त त्याच कामाला नेमलेला एक जाणकार असावा. भीतीमुळे लोक गळतील का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या टेबलात आहे: तापलेली सोल्डरिंग आयर्न सर्वांच्या हातात देण्याऐवजी ती मागणाऱ्याच्या हातात दिली, तर कोणी गळत नाही.

मध्यम लहरींवर काहीच ऐकू येत नसेल, आणि हल्ली अनेक देशांत ती केंद्रे बंद झालेली असल्याने ही शक्यता खरी आहे, तर क्रिस्टल रेडिओचा हट्ट सोडावा. दिवसा शांत असलेला हा पट्टा सूर्यास्तानंतर मात्र एकदा तपासून पाहा. आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा, डी नावाचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरळ होतो आणि त्याच लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. एखादे सत्र मुद्दाम संध्याकाळी ठेवून, साध्या बॅटरीच्या रेडिओवर अंधार पडता पडता दूरची केंद्रे एकेक करून वर येताना सर्वांनी मिळून ऐकली, तर आयनांबरावर व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. संगणकाला जोडायचे स्वस्त एसडीआर रिसीव्हरही मिळतात, ज्यांत रेडिओचे बरेचसे काम सॉफ्टवेअर करते. त्यांतले नेहमीचे सुमारे २४ मेगाहर्ट्झपासून १.७ गिगाहर्ट्झपर्यंतचे संदेश पडद्यावर रंगीत पट्ट्यांच्या रूपात दाखवतात. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी मी हे साधन आवर्जून ठेवते, कारण त्यात रेडिओ डोळ्यांनी पाहता येतो. मात्र काय ऐकण्यास मनाई आहे याचे नियम देशोदेशी वेगळे असतात. सर्वांसाठी असलेले प्रसारण आणि हौशी रेडिओचे पट्टे यांच्या बाहेर जाण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

आता ट्रान्समीटर आणि परवाना. इथे दोन टोकांची मते ऐकू येतात: एवढ्याशा यंत्राला कोण विचारतो, असे काही जण म्हणतात, तर काही जण कायद्याच्या धास्तीने विषयच सोडून देतात. दोन्ही मला पटत नाहीत. काही देशांत अतिशय क्षीण प्रक्षेपणाला परवाना लागत नाही. अमेरिकेत, उदाहरणार्थ, एफएम पट्ट्यात तीन मीटर अंतरावर २५० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर एवढ्या क्षेत्रतीव्रतेपर्यंत ती मोकळीक आहे, आणि त्यातून साधारण साठ मीटरचा टापू मिळतो. इतर अनेक ठिकाणी अशी सूट नाही. जिथे सूट आहे तिथेही घरगुती एका ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर त्या मर्यादेत बसतो की नाही, हे मोजमापाची उपकरणे असल्याशिवाय कळत नाही, आणि हात जवळ नेला तरी त्याची वारंवारता सरकते. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानवाहतुकीचा पट्टा सुरू होतो, हे लक्षात घेतले की सरकणाऱ्या ट्रान्समीटरविषयी मी इतकी सावध का, हे आपल्याला पटेल. नियमांत बसणारा तयार ट्रान्समीटर कायदेशीरपणे वापरता येत असेल तर तोच वापरावा. येत नसेल तर पुढचे दोन मार्ग आहेत, आणि खरे सांगायचे तर कार्यशाळेसाठी मला तेच अधिक आवडतात.

पहिला मार्ग तारेच्या वेढ्याचा. खोलीच्या भिंतींलगत तांब्याच्या बारीक तारेचा एक वेढा घालून त्याची दोन टोके लहान ऑडिओ अॅम्प्लिफायरला, स्पीकर जोडतो त्या जागी, जोडायची. ०.२५ मिलिमीटर व्यासाच्या वीस मीटर तारेचा रोध सुमारे सात ओहम होतो, म्हणजे स्पीकरएवढाच, त्यामुळे अॅम्प्लिफायरला इजा होत नाही; दोन-तीन वॉटचा अॅम्प्लिफायर आणि मध्यम आवाज पुरेसा आहे. वेढ्याच्या आत, पहिल्या प्रयोगातली तीच पिकअप कॉइल, अॅम्प्लिफायर आणि हेडफोन घेऊन फिरणाऱ्याला बोललेले स्पष्ट ऐकू येते आणि वेढ्याच्या बाहेर पडताच आवाज विरतो. अनेक श्रवणयंत्रांत टी हे स्थान असते ते याच तत्त्वावर चालते, त्यामुळे श्रवणयंत्र वापरणाऱ्या एखाद्या आजोबांना त्या खोलीत दुसऱ्या कोणत्याही उपकरणाशिवाय ऐकू येते आणि बाकीच्यांना कॉइल शोधावी लागते. हा क्षण आपल्या कार्यशाळेत आला तर त्याला पुरेसा वेळ द्या.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. अॅम्प्लिफायरमधून येणाऱ्या ध्वनीच्या लयीत एलईडीचा प्रकाश कमीजास्त करायचा आणि समोर छोटे सौरपटल धरून त्यातून येणारा विद्युतदाब दुसऱ्या अॅम्प्लिफायरला द्यायचा. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी १८८० मध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून दोनशे मीटरहून अधिक अंतरावर बोलणे पोहोचवले होते. आपल्याला खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच जायचे आहे. मध्ये हात घातला की आवाज तुटतो, बोटांची जाळी हलवली की तो थरथरतो, आणि छतावरचे दिवे चालू असतील तर त्यांचा गुंजारव मध्ये मिसळतो. लेझर वापरला तर अंतर वाढते, पण मुले असतील तिथे मी तो वापरत नाही. परवाना या दोन्ही मार्गांत लागत नाही, आणि वाहक लहरीवर आवाज कसा स्वार होतो, हे प्रकाशाच्या बाबतीत डोळ्यांना दिसते.

मर्यादित टापू हे वैगुण्य समजू नये. जपानमध्ये १९८०च्या दशकात तेत्सुओ कोगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परवान्याची गरज नसलेल्या क्षीण प्रक्षेपणाचा उपयोग करून छोटी केंद्रे चालवली, आणि पायी चालत जाता येईल एवढ्याच टापूतले श्रोते उठून थेट केंद्रावर येऊ लागावेत, यातच त्यांना रस होता. कोगावा पुढे अशा ट्रान्समीटरच्या कार्यशाळा जगभर घेत राहिले. मी त्यांच्याकडून घेतलेली गोष्ट एवढीच: श्रोता चालत येऊ शकतो एवढे अंतर ठेवले, तर सांगणारा वेगळ्या तऱ्हेने बोलतो.

कलेच्या भागासाठी बाहेरचा कलावंत बोलवायचा असेल तर अवश्य बोलवा, पण त्यांनी तयार प्रयोग घेऊन येऊ नये. आदल्या दिवशीचा नकाशा आणि रिसीव्हर यांच्यावरच काम करावे, असे आधी ठरवून घ्या. एक प्रयोग मी जवळजवळ नेहमी करते. जमतील तेवढे जुने, चकती फिरवायचे रेडिओ गोळा करायचे, प्रत्येकाला दोन माणसे द्यायची, एकाने केंद्र फिरवायचे आणि दुसऱ्याने आवाज कमीजास्त करायचा, आणि कागदावर सेकंदांची साधी पट्टी आखून कोणी केव्हा वाजायचे हे गटाने ठरवायचे. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी १९५१ मध्ये बारा रेडिओ आणि चोवीस वादक घेऊन अशीच एक रचना सादर केली होती. ती रात्री इतकी उशिरा वाजली की अनेक केंद्रे तोवर बंद झाली होती, आणि जे ऐकू आले त्यात शांतताच जास्त होती. आपल्या गटानेही कोणत्या वेळी वाजवायचे याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. मध्यम लहरींचे दोन जुने रेडिओ शेजारी ठेवून पाहण्यासारखी आणखी एक गंमत आहे. अशा रेडिओत स्वतःचा एक आंदोलक, म्हणजे ठरावीक वारंवारतेची लहर निर्माण करणारे सर्किट, असतो आणि तो बहुधा लावलेल्या केंद्राच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. म्हणून पहिला रेडिओ ६०० वर असेल तर दुसऱ्यावर १०५५च्या आसपास, तिथे एखादे केंद्र क्षीण का होईना ऐकू येत असल्यास, शीळ ऐकू येते, आणि पहिल्याची चकती हलवली की शीळ वरखाली जाते. नव्या, आत चिप असलेल्या रेडिओंत हे होत नाही. माणसे या शिळेवर गाणी वाजवू पाहतात आणि ती बेसूर होतात, पण त्या नादात आंदोलक म्हणजे काय हे कायमचे ध्यानात राहते.

आता कथा. आपण लिहिले आहे की प्रत्येकाने ‘स्वतःची गोष्ट’ सांगावी. हे आवाहन मोठे आहे. त्याने धीट माणसे बोलतात आणि बाकीची कोणाची तरी ऐकलेली, सुरक्षित गोष्ट सांगतात. मी विचारते ते असे: पूर्वी रोज ऐकू येणारा, पण आता ऐकू न येणारा एखादा आवाज सांगा. मग तो कुठून यायचा, तो ऐकू आला की घरातले कोण काय करायचे, आणि तो बंद झाला हे पहिल्यांदा केव्हा जाणवले. एवढ्या तीन प्रश्नांवर बहुतेकांची दोन-तीन मिनिटांची सामग्री तयार होते. विचारणाऱ्याने उत्तरानंतर थोडे थांबावे. माणूस पहिले उत्तर देतो ते बहुधा तयार असते, आणि थांबल्यावर येते ते खरे कामाचे असते. बारा वर्षांच्या मुलीने सत्तरीच्या गृहस्थांना विचारायचे आणि नंतर उलट, अशा जोड्या लावल्या की कोणी शिक्षक आणि कोणी विद्यार्थी राहत नाही.

लेखन कानासाठी असते, हे पहिल्या मसुद्याच्या वाचनातच कळते. वाचकाला मागचे पान उलटता येते, श्रोत्याला येत नाही. तो मध्येच येतो, त्याचा आवाज मध्येच तुटतो. म्हणून माणसाचे नाव सर्वनामाऐवजी पुन्हा घ्यावे, एका वाक्यात एकच चित्र असावे, आकडे थोडे असावेत, आणि ‘वर सांगितल्याप्रमाणे’ यासारखे छापील प्रयोग काढून टाकावेत. श्रुतिका लिहिणाऱ्यांना हे जुनेच ठाऊक आहे. इथे साधनाची मर्यादा पुन्हा कामाला येते. खोलीत तीन वेढे घातले असतील आणि प्रत्येकात गोष्टीचा एक तुकडा सतत फिरत असेल, तर श्रोता कोणत्या तुकड्यापासून सुरुवात करील हे सांगणाऱ्याच्या हातात नाही. मग तिन्ही तुकडे कोणत्याही क्रमाने लागू पडतील असे लिहावे लागते, आणि ‘नंतर काय झाले’ या एकाच दोरीवर चालणारी गोष्ट मोडून ती नव्याने बांधावी लागते. प्रकाशाच्या झोतावरून सांगायची असेल तर श्रोता हात घालून बोलणे थांबवू शकतो. एका गटाने याचा उपयोग करून, थांबवल्यावरच पुढे सरकणारी गोष्ट रचली होती. तंत्रज्ञान न आवडणारी माणसेही अशा वेळी तार किती लांब घ्यायची यावर वाद घालू लागतात, कारण आता तो त्यांच्या गोष्टीचा प्रश्न झालेला असतो.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडक्यात: माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका धरावा, आवाजाची पातळी शिखरावर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि प्रत्येक जागी कोणीही न बोलता एक मिनिट नुसती जागा ध्वनिमुद्रित करून ठेवावी. वाक्ये कापून जोडताना सांधे झाकायला ती लागते. संपादनासाठी ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

संमतीचा प्रश्न मात्र थोडक्यात उरकू नये. आवाज हा चेहऱ्याइतकाच ओळख पटवणारा असतो. ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, ते कुठे आणि किती काळ राहणार, आणि कोणत्या दिवसापर्यंत ते मागे घेता येईल, हे आधी सांगावे. मुलांच्या बाबतीत पालकांनाही सांगावे. गोष्टीत तिसऱ्या माणसाचे खासगी वर्तन येत असेल तर नाव आणि ओळखीच्या खुणा बदलाव्यात. आणि कल्पित गोष्टीला बातमीपत्राचे किंवा आणीबाणीच्या सूचनेचे रूप देण्याचा मोह कोणाला झाला, तर बंद खोलीत जरूर करून पाहावे, खुल्या प्रक्षेपणात करू नये. मंगळवासीयांच्या हल्ल्याची गोष्ट बातम्यांच्या रूपात सांगणाऱ्या ऑर्सन वेल्स यांच्या १९३८च्या नभोनाट्याने उडालेल्या हाहाकाराची वर्णने पुढे बरीच फुगवली गेली, हे खरे आहे; तरीही मध्येच कान लावणाऱ्याला सुरुवातीची सूचना ऐकू आलेली नसते, ही गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे.

हे सर्व आपल्या तीन दिवसांत बसवायचे तर पहिल्या दिवशी सकाळी कॉइलची फेरी आणि नकाशा, दुपारी रिसीव्हर, आणि शक्य असल्यास सूर्यास्तानंतरचे एक ऐच्छिक सत्र ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीने मुलाखती, दुपारी रेडिओंचा वाद्यवृंद आणि वेढा किंवा प्रकाशझोत यांपैकी एकाची बांधणी. दोन्ही बांधायचा आग्रह नको, वेळ पुरत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लेखन, संपादन आणि प्रत्यक्ष जागेवर चाचणी, आणि संध्याकाळी बाहेरच्या श्रोत्यांसाठी सादरीकरण. चाचणीला मी हट्टाने दोन तास देते, कारण सादरीकरणाच्या वेळी खोलीत माणसे असतात, दिवे वेगळे असतात, आणि आदल्या रात्री नीट ऐकू आलेले तेव्हा ऐकू येईलच असे नाही.

राहिला किटचा प्रश्न. एका विक्रेत्याकडून पंचवीस एकसारखी किट घेण्यापूर्वी एकच मागवा आणि ते स्वतः, सूचनापत्रिकेवरूनच, जोडून पाहा. पत्रिका वाचून आपल्याला न जमलेली पायरी तिथे कोणालाही जमणार नाही. प्रत्येकाला एक संच देण्यापेक्षा दोघांत एक द्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या हेडफोनवर, जास्तीच्या बॅटऱ्यांवर आणि मगरचिमट्यांवर खर्च करावेत. हेडफोन दोघांना एकदम लावता येतील यासाठी आवाज विभागणारे जोड घ्यायला विसरू नका. एक ऐकतो आणि दुसरा वाट पाहतो, अशी जोडी फार वेळ टिकत नाही. आणि हेडफोन लावण्यापूर्वी आवाजाची मूठ शून्यावर आणायची, ही सवय पहिल्याच तासात लावून घ्या, कारण चार्जरजवळ नेलेली कॉइल कानात केवढ्या मोठ्याने ओरडेल याचा अंदाज आधी येत नाही.